गोळी सादळते तेव्हा

२०१० साली अमेरिकेत ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीने ‘कुमाडिन’ या गोळीच्या काही बॅच बाजारातून परत बोलावल्या. कुमाडिन म्हणजे वॉरफरिन सोडियम. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून अर्धशतकाहून अधिक काळ जगभर दिलं जाणारं औषध. परत बोलावलेल्या गोळ्या एक मिलिग्रॅमच्या, ब्लिस्टर पॅकमधल्या होत्या. त्यांत भेसळ नव्हती, औषधही कमी भरलेलं नव्हतं. कंपनीची शंका वेगळीच होती. काळ जाईल तसं या गोळ्यांतलं आयसोप्रोपिल अल्कोहोल ठरलेल्या मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता तिला दिसत होती.

इंजेक्शन देण्याआधी दंडावर जो ओला कापूस फिरवतात, त्यात बहुधा हेच अल्कोहोल असतं. रक्ताच्या गुठळीशी त्याचा काही संबंध नाही. एक मिलिग्रॅमच्या गोळीत ते इतकं कमी असतं की शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. मग ते थोडं उडून गेलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं, की हे अल्कोहोल वॉरफरिनच्या स्फटिकाला उभं ठेवतं. ते निघून गेलं तर औषधाचा रेणू तोच राहतो, पण त्याची घडी मोडते. रुग्णाला खोक्यावर औषधाचं नाव दिसतं आणि मिलिग्रॅमचा आकडा दिसतो. औषध आत कोणत्या अवस्थेत आहे, हे मात्र कुठेच छापलेलं नसतं. ती अवस्था कारखान्यात ठरते, वेष्टनात टिकते आणि पुष्कळदा रुग्णाच्या घरी बिघडते.

ओल्या गवतातून आलेलं औषध

वॉरफरिनची गोष्ट सुरू होते तीच ओलीपासून. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगं कापली, खच्चीकरण केलं, साधं खरचटलं तरी रक्त थांबेना. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने कारण शोधलं. ही गुरं बुरशी धरलेलं ‘स्वीट क्लोव्हर’ खात होती. तेच गवत नीट वाळलेलं असेल तर जनावरांना काही होत नसे.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन हा शेतकरी भर हिमवादळात सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला पोचला. गाडीत एक मेलेली कालवड होती, खराब झालेलं गवत होतं आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त होतं. शनिवार असल्यामुळे सरकारी पशुवैद्यकाचं कार्यालय बंद होतं. म्हणून तो विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या दारात जाऊन उभा राहिला. हे गवत घालू नको, एवढंच लिंक त्याला त्या दिवशी सांगू शकले. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९३९ मध्ये त्यांचे सहकारी हॅरल्ड कँपबेल यांनी त्या गवतातून दोषी द्रव्याचे शुद्ध स्फटिक मिळवले. ते होतं डायकुमारॉल.

हे विष मुळात गवतात नसतंच. ताज्या कापलेल्या गवताला जो गोड वास येतो, तो कुमारिनचा. कुमारिनने रक्त पातळ होत नाही. गवत ओलं राहिलं, गंजीत बुरशी आली, की बुरशी कुमारिनमध्ये एक बदल घडवते. मग असे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि डायकुमारॉल तयार होतं. तोच चारा कोरडा राहिला तर अन्न ठरतो, ओला राहिला तर विष.

लिंक यांच्या गटाने पुढे याच कुळातली अनेक संयुगं बनवली. त्यांतलं एक १९४८ मध्ये उंदीर मारण्याचं औषध म्हणून बाजारात आलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव वॉरफरिन पडलं. १९५४ मध्ये अमेरिकेत ते माणसांसाठी मंजूर झालं. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते देण्यात आलं.

पिंजऱ्यातलं अल्कोहोल

वॉरफरिन हे मुळात एक दुबळं आम्ल. पाण्यात ते जेमतेम विरघळतं. सोडियमशी संयोग करून त्याचा क्षार बनवला की मात्र ते झटकन विरघळतं. म्हणूनच गोळीत वॉरफरिन सोडियम घालतात. अडचण अशी, की हा क्षार साध्या रीतीने वेगळा केला तर हाती येते ती अस्ताव्यस्त पावडर. तिच्यात रेणूंची रांग नसते, अशुद्धी अडकून राहते आणि हवेतलं पाणी ती भराभर ओढते.

यावर उपाय निघाला तो आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. या द्रावकात वॉरफरिन सोडियमचे सुबक स्फटिक बनतात. त्यांत वॉरफरिन सोडियमच्या दर दोन रेणूंमागे अल्कोहोलचा एक रेणू सामावलेला असतो. वजनाने तो साधारण ८ टक्के भरतो. अल्कोहोल वॉरफरिनशी पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, ते रेणूंच्या जाळीतल्या पोकळीत बसलेलं असतं. अशा रचनेला रसायनशास्त्रज्ञ क्लॅथ्रेट म्हणतात. स्फटिक होताना अशुद्धी बाहेर पडते, त्यामुळे औषध शुद्ध मिळतं. शिवाय स्फटिकरूप पावडर कोरड्या हवेत बरीच शांत राहते.

फरक डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही पावडरी पांढऱ्याच. पण एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या यंत्रात चिमूटभर पावडर सपाट ठेवून तिच्यावर क्ष-किरण सोडले, की गुपित उघडं पडतं. स्फटिकरूप वॉरफरिनच्या आलेखावर ठरलेल्या कोनांवर टोकदार शिखरं उभी राहतात. त्याच पावडरचा नमुना काही काळ दमट हवेत उघडा ठेवून पुन्हा तपासला, तर ती शिखरं बुटकी होत जातात. शेवटी उरतो एक पसरट उंचवटा. मधल्या काळात पावडरमधलं अल्कोहोल हवेत गेलेलं असतं आणि हवेतलं पाणी आत आलेलं असतं. गॅस क्रोमॅटोग्राफीने अल्कोहोल मोजा आणि कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजा, देवाणघेवाणीचा हिशोब समोर येतो.

मिक्सरमध्ये काय घडतं

एक मिलिग्रॅम औषध नुसतं कुणाच्या हातात देता येत नाही. ते जेमतेम दिसेल. म्हणून गोळीचा बहुतेक भाग लॅक्टोज, स्टार्च अशा निरुपद्रवी पदार्थांचा असतो आणि औषध त्यात नावापुरतं. हे नावापुरतं औषध प्रत्येक गोळीत सारखं पोचवणं हे उत्पादनातलं पहिलं आव्हान. त्यासाठीचा जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे वेट ग्रॅन्युलेशन, म्हणजे पावडर ओली करून तिचे दाणे (ग्रॅन्युल) बनवणं.

मोठ्या पोलादी भांड्यात औषध आणि इतर पावडरी कोरड्या मिसळतात. तळाशी पातं फिरत असतं. वरून पाणी किंवा बाइंडरचं, म्हणजे चिकटवणाऱ्या पदार्थाचं, द्रावण फवारतात. पावडर हळूहळू जड होते, भांड्याच्या कडेला चिकटू लागते, मोटरवरचा भार चढतो. अनुभवी ऑपरेटर नमुना हातमोज्यात घेऊन मूठ आवळतो. गोळा धरला आणि बोटाने दाबताच फुटला, की ग्रॅन्युल जमले. मग गरम हवेच्या झोतात ते वाळवतात, चाळतात आणि दाबून गोळ्या पाडतात.

बहुतेक औषधांचं यात काही बिघडत नाही. वॉरफरिनच्या क्लॅथ्रेटसाठी मात्र ही परीक्षाच असते. पाण्याशी गाठ पडताच स्फटिक विरघळू लागतो आणि अल्कोहोलला बाहेरची वाट मिळते. पुढे ड्रायरची ऊब ते उडवून लावते. कागदावर कच्चा माल स्फटिकरूप असतो. गोळी तयार होते तोवर त्यातला काही भाग अस्ताव्यस्त रूपात गेलेला असतो. तो भाग किती, हे पाणी किती फवारलं, किती वेळ ढवळलं, किती तापमानाला वाळवलं, यावर ठरतं.

दुसरा धोका गोळीतल्या इतर घटकांचा. वॉरफरिन सोडियम हा दुबळ्या आम्लाचा क्षार. ओलसर गोळीत एखादा आम्लधर्मी पदार्थ शेजारी असेल, तर क्षार मोडतो आणि औषध पुन्हा मूळच्या, कमी विरघळणाऱ्या आम्लरूपात जातं. अस्ताव्यस्त रूपातलं औषध या बाबतीत अधिक हळवं असतं, कारण ते पाणी ओढतं आणि पाण्याशिवाय ही क्रिया पुढे सरकत नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळ्यांत वॉरफरिन अगदी नेमकं पाच मिलिग्रॅम असूनही एक गोळी वेगाने विरघळू शकते आणि दुसरी सावकाश.

गोव्यातलं वेर्णा किंवा पालघरमधलं तारापूर, इथे औषधनिर्मितीचे मोठे कारखाने आहेत आणि दोन्हीकडे पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. अशा ठिकाणी पाणी न वापरता कोरड्या पद्धतीने गोळ्या बनवणं, उत्पादनाच्या खोल्यांतली आर्द्रता यंत्रांनी उतरवून धरणं, तयार गोळ्या ताटकळत न ठेवता लगेच ॲल्युमिनियममध्ये बंद करणं हाच उपाय. त्याला वीज लागते, पैसा लागतो आणि रोजची शिस्त लागते.

फरक किती, आणि कुणाला

इथे घाबरवणारं चित्र रंगवणं सोपं आहे, पण ते खरं ठरणार नाही. वॉरफरिन आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. गोळी थोडी हळू विरघळली तरी बहुतेक वेळा औषध रक्तात पोचतंच. मूळ ब्रँडवरून जेनेरिक वॉरफरिनवर गेलेल्या रुग्णांचे बरेच अभ्यास झाले आणि सरासरी पाहिली तर मोठा फरक आढळला नाही. जेनेरिक गोळीवर अविश्वास दाखवायला त्यात आधार नाही.

मात्र सरासरी एक गोष्ट आणि समोरचा रुग्ण दुसरी. वॉरफरिनचा लाभदायक डोस आणि घातक डोस यांत अंतर फार थोडं. रक्त किती वेळात गोठतं हे सांगणारा आयएनआर हा आकडा अनियमित ठोक्यांच्या रुग्णात २ ते ३ च्या दरम्यान राहावा लागतो. डाव्या बाजूची मायट्रल झडप बदलून धातूची बसवलेली असेल तर साधारण २.५ ते ३.५. खाली घसरला तर झडपेवर गुठळी किंवा पक्षाघात. वर चढला तर पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव. म्हणूनच २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जेनेरिक वॉरफरिनसाठी कसोटी कडक केली. मूळ औषधाशी तुलना करताना एरवी ८० ते १२५ टक्क्यांची मर्यादा चालते. वॉरफरिनसाठी ती साधारण ९० ते १११ टक्क्यांपर्यंत आवळता येते.

एफडीएच्या शास्त्रज्ञांनी त्यापुढे आणखी एक मोलाचा प्रयोग केला. वेगवेगळ्या पद्धतींनी बनवलेल्या, बाजारात मिळणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या त्यांनी ३० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवल्या. रुग्णाच्या घरी बाटली रोज उघडली जाते, त्या परिस्थितीची ही नक्कल होती. १२ आठवडे नमुने तपासले. गोळ्यांतलं अल्कोहोल घटलं, पाणी वाढलं आणि विरघळण्याचा वेग बदलला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचं महत्त्व असं, की यात गोळी कारखान्यातल्या सीलबंद अवस्थेत न तपासता ती जिथे प्रत्यक्ष वापरली जाते, त्या हवेत तपासली गेली.

नवी कॅप्सूल, जुना शत्रू

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत डॅबिगॅट्रान हे रक्त पातळ करणारं नवं औषध मंजूर झालं. त्याआधी १८ हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची वॉरफरिनशी तुलना झाली होती. आयएनआरच्या नित्याच्या तपासण्या नकोत, पालेभाजीचं पथ्य नको, यामुळे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही हायसं वाटलं. ओलीच्या बाबतीत मात्र हे नवं औषध जुन्यापेक्षाही नाजूक निघालं.

डॅबिगॅट्रान स्वतः आतड्यातून शोषलं जात नाही. म्हणून त्याच्या रेणूच्या दोन टोकांना दोन रासायनिक गट जोडून ते झाकतात. शरीरात शिरल्यावर हे गट सुटतात आणि खरं औषध मोकळं होतं. पण पाणी ते गट बाटलीतच सोडवू शकतं. तसं झालं की पोटात जाईल ते शोषलं न जाणारं द्रव्य.

शिवाय हे औषध विरघळायला आम्ल लागतं आणि पोटातलं आम्ल प्रत्येकात सारखं नसतं. म्हणून निर्मात्या बोरिंगर इंगेलहाइम कंपनीने आम्ल कॅप्सूलमध्येच घातलं. कॅप्सूलमधला प्रत्येक बारीक मणी टार्टरिक आम्लाच्या गाभ्याभोवती रचलेला असतो. गाभ्यावर एक संरक्षक थर, त्यावर औषधाचा थर. आम्ल आणि औषध शेजारी असूनही एकमेकांना भिडू नयेत, यासाठी मधला थर. कॅप्सूलचं कवचही नेहमीच्या जिलेटिनचं नाही. जिलेटिनमध्ये जास्त पाणी असतं, म्हणून हायप्रोमेलोजचं कवच वापरलं. बाटलीच्या झाकणात ओल शोषणारी पूड बसवली.

एवढं करूनही मार्च २०११ मध्ये एफडीएला जाहीर सूचना काढावी लागली: कॅप्सूल मूळ बाटलीतच किंवा मूळ ब्लिस्टरमध्येच ठेवा, आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका. बाटली उघडल्यावर औषध किती दिवस चांगलं राहतं, याची मुदत आधी ३० दिवस होती. पुढची माहिती हाती आल्यावर ती चार महिने झाली. कॅप्सूल फोडून आतले मणी पाण्याबरोबर घेणंही धोक्याचं. तसं केलं तर रक्तात जाणारं औषध सुमारे ७५ टक्क्यांनी वाढतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आपल्या घरातली हवा

औषध किती काळ टिकेल हे ठरवताना जगाची हवामान-विभागांत वाटणी केलेली आहे. युरोप-अमेरिकेसाठी दीर्घ मुदतीची चाचणी साधारण २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत करतात. भारतात २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधासाठी ती ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत होते. वेगवान चाचणी ४० अंश आणि ७५ टक्क्यांत, सहा महिने. या सगळ्या चाचण्या बाजारात येणाऱ्या वेष्टनासकट होतात. म्हणजे एक्सपायरीची तारीख ही बंद पट्टीतल्या गोळीची असते.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी इथल्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. माळ्यावरचे कपडे, कपाटातली पुस्तकं, सगळ्यालाच ओल धरते. अशा घरात वॉरफरिनची पट्टी कशी वापरली जाते ते पाहायला हवं. डॉक्टर लिहून देतात, ‘एक दिवस एक, एक दिवस दीड.’ गोळी सुरीने किंवा नखाने मोडली जाते. अर्धी तोंडात, उरलेली अर्धी फाटलेल्या ॲल्युमिनियमच्या कप्प्यात परत. ती तिथे दिवस-दोन दिवस पडून राहते.  किंवा आठवड्याभराच्या गोळ्या सुट्या करून प्लॅस्टिकच्या डबीत भरतात आणि डबी जाते शेगडीच्या वरच्या फळीवर, कारण जेवणानंतर आठवण राहते. अनेक दवाखान्यांत सुट्या गोळ्या कागदी पुडीत बांधून दिल्या जातात. केमिस्टकडे पट्टी कात्रीने कापली जाते आणि बॅच नंबर व तारीख उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते.

याच दिवसांत आयएनआर खाली आला, तर पहिला संशय जातो तो भाजीवर. ते चूक नाही. पावसाळ्यात पालेभाज्या आणि रानभाज्या भरपूर खाल्ल्या जातात आणि पानांतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं. पण गोळी कुठे ठेवली, ब्रँड बदलला का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

भारतात हा विषय थोड्या लोकांचा नाही. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होण्याचं प्रमाण इथे मोठं आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने देशी कृत्रिम झडप तयार झाली आणि १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. अशा झडपांनी असंख्य तरुण रुग्णांना आयुष्य दिलं, पण त्यासोबत रक्त पातळ करणारी गोळी जन्मभराची झाली. आपल्याकडे वॉरफरिनबरोबर ॲसिनोकुमारॉलही खूप वापरलं जातं. ते सोडियमच्या क्षाराच्या रूपात नसतं, त्यामुळे क्लॅथ्रेट मोडण्याचा हा प्रश्न त्याला लागू होत नाही. पण त्याचीही मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून दिली जाते आणि तीही पट्टी कोरडीच राहायला हवी.

एक मागणी औषध नियंत्रकांकडे करायला हवी. लाभदायक आणि घातक डोसांत थोडंच अंतर असलेल्या अशा औषधांसाठी वेष्टनाबाहेरच्या गोळीची चाचणी भारतीय पावसाळ्याच्या आर्द्रतेत व्हावी, आणि उघडल्यावर किती दिवसांत वापरायची हे पट्टीवर मराठीसह स्थानिक भाषेत, वाचता येईल अशा अक्षरात छापावं. डॅबिगॅट्रानच्या बाटलीबाबत हे होऊ शकलं, तर वॉरफरिनच्या पट्टीबाबत न होण्याला कारण नाही.

तोवर रुग्णाच्या घरच्यांनी करण्यासारखं बरंच आहे. पूर्ण पट्टी घ्यावी आणि बॅच नंबर वहीत आयएनआरच्या आकड्याशेजारी लिहावा. गोळी खायच्या वेळीच पट्टीतून काढावी. पट्टी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी. अर्धी गोळी लागत असेल तर कमी ताकदीची पूर्ण गोळी मिळते का, हे डॉक्टरांना विचारावं. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर ती नाकारण्याची गरज नाही, पण डॉक्टरांना कळवून आठवडा-दोन आठवड्यांत आयएनआर पुन्हा तपासावा. आणि आकडा अचानक हलला, तर स्वतःच्या मनाने डोस न बदलता वही आणि पट्टी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जावं.